आईचं मनगट आणि पॉलिसीतली चौथी ओळ

गेल्या आठवड्यात एका मैत्रिणीचा फोन आला. तिचे आई-बाबा मार्चमध्ये सहा महिन्यांसाठी इकडे अमेरिकेत येतायत, तर व्हिजिटर इन्शुरन्स, म्हणजे पाहुण्यांचा आरोग्य विमा, कुठला घेऊ, असं विचारत होती. मी म्हटलं, तो तर घेच, पण आधी तुझ्या गाडीच्या पॉलिसीचं डिक्लेरेशन पेज, म्हणजे सगळ्या कव्हरेजचे आकडे असलेलं पान, उघड आणि 'अनइन्शुअर्ड मोटरिस्ट' (विमा नसलेला ड्रायव्हर) असं लिहिलंय त्याच्यासमोरचा आकडा मला वाचून दाखव. तिने लॅपटॉप उघडला, शोधलं आणि म्हणाली, "तीस, साठ. हजार डॉलर. बरोबर आहे ना?"

माझ्या पोटात गोळा आला. तिला फोनवर अर्धंमुर्धं सांगितलं, पण ते नीट, सगळं एका जागी लिहून ठेवायला हवं असं तेव्हापासून डोक्यात आहे.

ऑक्टोबर २०२३. रविवार, दुपारचे साडेचार. आम्ही कॅलिफोर्नियात युनियन सिटीहून फ्रीमॉन्टला घरी येत होतो. नवरा चालवत होता, मी शेजारी, मागे आई आणि माझा मुलगा. आई येऊन जेमतेम पाच आठवडे झाले होते. आमचा सिग्नल हिरवा होता. समोरून लेफ्ट टर्न घ्यायला थांबलेली एक जुनी सेडान अचानक वळली आणि आम्ही सरळ तिच्या दारावर जाऊन आदळलो. एअरबॅग फुटल्यावर गाडीत जो जळका वास आणि पांढरी भुकटी पसरते, तिच्यातून मी मागे वळून पाहिलं. मुलगा रडत होता, म्हणजे ठीक होता. आई रडत नव्हती. तिने उजवा हात डाव्या हाताने धरून ठेवला होता आणि म्हणत होती, "अगं, मला काही झालं नाही, तू आधी त्याला बघ." धडक बसायच्या क्षणी तिने आधारासाठी पुढच्या सीटवर हात टेकला होता. सगळा भार मनगटावर आला.

आईच्या उजव्या हातात लग्नातली पाटली होती. इमर्जन्सी रूममध्ये पोचेपर्यंत हात इतका सुजला होता की पाटली मांसात रुतली होती. नर्सने साबण लावून पाहिला, दोरा गुंडाळून पाहिला. शेवटी अंगठ्या कापायचं एक छोटं दातेरी चाक असतं, ते आणलं. मला आईला समजावून सांगायचं होतं, पण माझ्या तोंडून शब्द फुटेना. तिनेच हात पुढे केला. "काप म्हणावं. सोनं सांधता येतं." चाक फिरताना सोन्याचा कीस चादरीवर पडत होता आणि मी तो बोटाने गोळा करत होते. नर्सने ते दोन तुकडे एका पाकिटात घालून त्यावर आईचं नाव लिहून दिलं.

मनगटाचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. ऑपरेशन, आत प्लेट, सहा स्क्रू.

ती सेडान ज्याची होती तो मुलगा वीस-बावीस वर्षांचा असेल. थरथरत होता, पुन्हा पुन्हा सॉरी म्हणत होता. त्याने इन्शुरन्सचं कार्ड दाखवलं, नवऱ्याने फोटो काढला, कार्डावरची तारीख चालू होती. पोलीस आले, रिपोर्ट झाला. डीएमव्हीला, म्हणजे राज्याच्या वाहन खात्याला, अपघात कळवायचा एसआर-१ फॉर्मही आम्ही दहा दिवसांच्या आत पाठवला. कॅलिफोर्नियात कुणाला इजा झाली किंवा १,००० डॉलरच्या वर नुकसान झालं तर तो भरावाच लागतो, चूक कुणाचीही असो. चार दिवसांनी आमच्या कंपनीतून फोन आला. त्या मुलाची पॉलिसी हप्ता न भरल्यामुळे दोन महिन्यांपूर्वीच रद्द झाली होती. कार्ड हा फक्त कागद. तो छापला गेला त्या दिवशी पॉलिसी होती, एवढंच त्यावरून कळतं.

मग त्यांनी सांगितलं, "तुमच्या पॉलिसीत अनइन्शुअर्ड मोटरिस्ट कव्हरेज आहे, आईंचा क्लेम त्यातून होईल. लिमिट १५,००० आहे."

मी म्हटलं, आमचं लिमिट १,००,००० आहे. पलीकडची बाई शांतपणे म्हणाली, ते लायेबिलिटीचं.

इथे मला थोडं थांबून समजावू द्या, कारण हे मला नऊ वर्षं गाडी चालवून कळलं नव्हतं. आपल्या पॉलिसीवर सगळ्यात वर लायेबिलिटी असते. १००/३०० म्हणजे एका माणसाला जास्तीत जास्त १,००,००० डॉलर आणि एका अपघातात सगळ्यांना मिळून ३,००,०००. पण हे पैसे आपल्या चुकीने ज्याला लागलं त्याला मिळतात. म्हणजे परक्याला. आपल्या गाडीत बसलेल्या माणसांना दुसऱ्याच्या चुकीने लागलं, आणि त्या दुसऱ्याकडे विमाच नसला, तर जी ओळ कामाला येते ती अनइन्शुअर्ड मोटरिस्टची. थोडक्यात यूएम. माझ्या पानावर ती चौथी होती. परक्यासाठी एक लाख आणि माझ्या आईसाठी पंधरा हजार, असा हिशोब मी स्वतः करून ठेवला होता.

स्वतः म्हणजे अगदी सहीनिशी. कॅलिफोर्नियात कंपनीला यूएम द्यावंच लागतं. ते नको असेल किंवा कमी हवं असेल तर ग्राहकाने तसं लेखी द्यावं लागतं. मी कंपनीकडे तो कागद मागितला. २०१४ सालची पीडीएफ आली, खाली माझी इलेक्ट्रॉनिक सही. तेव्हा मी नवीन होते, ऑनलाइन पॉलिसी घेताना प्रत्येक खान्यात सगळ्यात कमी आकडा निवडला, मग कुणीतरी लायेबिलिटी वाढव म्हणालं म्हणून तेवढी वाढवली. चौथ्या ओळीकडे परत कधी पाहिलंच नाही. हप्ता दर सहा महिन्यांनी आपोआप कापला जात होता.

ते १५/३० कुठून आलं तेही सांगते. कॅलिफोर्नियात गाडी चालवायला कायद्याने लागणारी किमान लायेबिलिटी १९६७ पासून तेवढीच होती: एका माणसाला १५,०००, अपघाताला ३०,००० आणि गाडी-मालमत्तेला ५,०००. पन्नासहून जास्त वर्षं हे आकडे हलले नाहीत. या काळात हॉस्पिटलची बिलं कुठल्या कुठे गेली ते सगळ्यांना माहीत आहे. एसबी ११०७ नावाच्या कायद्याने १ जानेवारी २०२५ पासून ते ३०/६०/१५ झालं आणि २०३५ मध्ये ५०/१००/२५ होईल. माझ्या मैत्रिणीचं "तीस, साठ" हे असं आलंय. तिने काही निवडलेलं नाही. कायद्याची तळरेषा वर सरकली, तिच्याबरोबर तिचा आकडाही सरकला.

आमची बिलं अँब्युलन्सपासून शेवटच्या फिजिओथेरपीपर्यंत धरून ६८,००० डॉलरच्या पुढे गेली. आईचा व्हिजिटर इन्शुरन्स 'फिक्स्ड बेनिफिट' प्रकारातला होता, म्हणजे प्रत्येक गोष्टीला ठरलेली रक्कम: ऑपरेशनला इतके, एका दिवसाला इतके. त्यातून ११,००० आले. यूएमचे १५,०००. हॉस्पिटलच्या बिलिंगवाल्यांशी नवरा तीन महिने फोनवर बोलत राहिला, त्यांनी बरंच कमी केलं, आणि उरलेले १९,००० आम्ही दीड वर्ष हप्त्याहप्त्याने फेडले. (व्हिजिटर इन्शुरन्स घेणाऱ्यांनो, थोडे पैसे जास्त गेले तरी 'कॉम्प्रिहेन्सिव्ह', म्हणजे ठरलेल्या रकमेऐवजी बिलाच्या हिशोबाने देणारा, घ्या. तो विषय वेगळा आहे, पण हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.)

यूएमच्या क्लेममध्ये एक गोष्ट मनाला फार लागली. त्या क्लेममध्ये आपलीच कंपनी समोरच्या ड्रायव्हरच्या जागी उभी राहते. म्हणजे तो ड्रायव्हर किंवा त्याची कंपनी जे जे मुद्दे काढू शकली असती, ते आपली कंपनी काढते. अ‍ॅडजस्टरने, म्हणजे क्लेम तपासणाऱ्या कंपनीच्या माणसाने, मला विचारलं, आईंना ऑस्टिओपोरोसिस आहे का, हाडं आधीपासून ठिसूळ होती का, भारतातले आधीचे रिपोर्ट मिळतील का. नऊ वर्षं जिला हप्ते भरले ती कंपनी माझ्या आईच्या हाडांवर शंका घेत होती. बिलं लिमिटच्या कितीतरी पुढे गेली होती म्हणून त्यांनी फार न ताणता पूर्ण १५,००० दिले. लिमिट मोठं असतं तर वाद झालाच असता, आणि तो आर्बिट्रेशनमध्ये, म्हणजे लवादाकडे, गेला असता. कॅलिफोर्नियात यूएमचे वाद कोर्टात न जाता तिथे जातात. त्याला मुदत आहे, हे लक्षात ठेवा. अपघातापासून दोन वर्षांच्या आत एक तर रक्कम ठरलेली हवी, किंवा कंपनीला पत्र पाठवून रीतसर आर्बिट्रेशन मागितलेलं हवं, किंवा त्या ड्रायव्हरवर दावा दाखल झालेला हवा. "बघू, आईला बरं वाटू दे" म्हणता म्हणता दोन वर्षं निघून जातात.

आणि एक गोष्ट चांगली वाटली, तीही सांगायला हवी. आईचा व्हिसा कुठला, ती इथे किती दिवस आहे, तिच्या नावावर पॉलिसी आहे का, यातलं काहीही कुणी विचारलं नाही. ती त्या क्षणी आमच्या गाडीत बसलेली होती, एवढं पुरलं. पाहुणे असोत, शेजारची मुलं असोत, आपल्या गाडीत बसलेल्या प्रत्येकाला यूएम लागू होतं. पॉलिसी ज्याच्या नावावर आहे तो, त्याचा जोडीदार आणि घरात राहणारे नातेवाईक यांना तर गाडीच्या बाहेरही. तुम्ही सिग्नलला रस्ता ओलांडताय, सायकलवर आहात, मित्राच्या गाडीत बसलाय, आणि विमा नसलेल्या गाडीने उडवलं, तरी स्वतःच्या पॉलिसीतून क्लेम करता येतो. सकाळी लेक एलिझाबेथला फिरायला जाणाऱ्या कितीतरी आज्या-आजोबांना मी ओळखते. सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा 'घरात राहणारे' धरायचे की नाही, यावर कंपनी वाद घालू शकते, म्हणून ते ईमेलने विचारून ठेवा आणि उत्तर जपून ठेवा.

"त्या मुलावर केस करा," असं आम्हाला अनेकांनी सांगितलं. जिंकलोही असतो. पण ज्याला महिन्याचा हप्ता भरायला जमलं नाही त्याच्याकडून ५०,००० डॉलर कुठून निघणार? कमी उत्पन्नाच्या ड्रायव्हरांसाठी राज्याची एक स्वस्त विम्याची योजना आहे, ती त्याला कुणी सांगितली होती का, कोण जाणे. इन्शुरन्स रिसर्च कौन्सिलच्या अभ्यासाप्रमाणे २०२२ मध्ये देशात साधारण १४ टक्के ड्रायव्हर विम्याशिवाय गाडी चालवत होते. सातांत एक. ८८० फ्रीवेवर संध्याकाळी सहाला आपल्या आजूबाजूला किती गाड्या असतात ते आठवा.

आता निवडायचं कसं, ते.

पहिलं आणि मुख्य: यूएमचा आकडा लायेबिलिटीच्या आकड्याइतका करा. त्याच्या वर सहसा कंपन्या देत नाहीत, म्हणून गरज पडली तर आधी लायेबिलिटी वाढवा. आम्ही दोन्ही २५०/५०० केले. फक्त यूएम १५/३० वरून १००/३०० करायचे दोन गाड्यांचे मिळून सहा महिन्यांना ६१ डॉलर जास्त पडत होते. महिन्याला दहा. हा आकडा मी अपघातानंतर पहिल्यांदा विचारला.

दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे. समोरच्याकडे विमा आहे, पण अपुरा आहे, अशा वेळी 'अंडरइन्शुअर्ड' हा भाग कामाला येतो. कॅलिफोर्नियात तो यूएममध्येच धरलेला असतो. पण इथे तो वजाबाकीने चालतो. समोरच्याचे ३०,००० आणि आपलं यूएम १,००,००० असेल, तर आपल्या कंपनीकडून जास्तीत जास्त ७०,००० मिळतात. आणि आपलं यूएमही ३०,००० असेल? तीस वजा तीस. शून्य. म्हणजे माझ्या मैत्रिणीला तेव्हा किमान विमा घेतलेल्या कुणी धडक दिली असती, तर तिचं ३०/६० असूनही त्या प्रसंगी तिला स्वतःच्या कंपनीकडून एक डॉलर मिळाला नसता. हे मी तिला फोनवर तीनदा समजावलं. शिवाय समोरच्या कंपनीचे सगळे पैसे आधी हातात पडल्याचा पुरावा द्यावा लागतो, मगच आपली कंपनी उघडते. (हा हिशोब प्रत्येक राज्यात वेगळा आहे. न्यू जर्सीत स्टँडर्ड पॉलिसीत यूएम घ्यावंच लागतं, टेक्सासमध्ये नको असेल तर लेखी द्यावं लागतं, आणि न्यू हॅम्पशायरमध्ये तर गाडीचा विमा घेण्याचीच सक्ती नाही. तिकडच्यांनी आपापल्या राज्याच्या इन्शुरन्स खात्याची साइट बघा.)

गाडीच्या नुकसानीचं यूएम वेगळं, त्याला यूएमपीडी म्हणतात. कॅलिफोर्नियात त्यातून फार तर ३,५०० डॉलर मिळतात, आणि तेही समोरची गाडी किंवा ड्रायव्हर कोण ते माहीत असेल तरच. ज्यांच्याकडे कोलिजन, म्हणजे आपल्याच गाडीच्या धडकेतल्या नुकसानीचं कव्हरेज, आहे त्यांनी त्याऐवजी 'कोलिजन डिडक्टिबल वेव्हर' घ्यावा. विमा नसलेल्याने ठोकलं तर आपला डिडक्टिबल, म्हणजे दुरुस्तीतला आपल्या खिशातून भरायचा भाग, माफ होतो. आमच्याकडे तो सुदैवाने होता, गाडीचं काम एका महिन्यात झालं. गाडीबद्दल मी याहून जास्त लिहीत नाही.

मेड-पे म्हणून एक छोटं कव्हरेज असतं, चूक कुणाचीही असली तरी गाडीतल्या सगळ्यांच्या उपचारांचे पैसे लगेच देतं. आम्ही ते पूर्वी काढून टाकलं होतं. आता ५,००० चं घेतलंय, कारण पहिल्या महिन्यात जी बिलं धडाधड येतात तेव्हा हाताशी काहीतरी असावं. आणि अंब्रेला पॉलिसी, म्हणजे मूळ पॉलिसीच्या वरची जादा पॉलिसी, असलेल्यांनो, ती बहुतेक वेळा फक्त लायेबिलिटीवरची छत्री असते. त्यात यूएम हवं असेल तर ते वेगळं मागावं लागतं, सगळ्याच कंपन्या देतातही असं नाही.

ठोकून पळून गेलेल्या गाडीचं तर फार नीट लक्षात ठेवा, कारण तिथे लोकांचे क्लेम हातचे जातात. पळालेल्या गाडीलाही यूएम लागू होतं, पण कॅलिफोर्नियात तिचा आपल्याला किंवा आपल्या गाडीला प्रत्यक्ष स्पर्श झालेला हवा. कुणी आडवं आलं, आपण वाचवायला वळलो आणि खांबावर आदळलो, तर ते चालत नाही. पोलिसांना २४ तासांच्या आत कळवायला हवं आणि कंपनीला ३० दिवसांच्या आत शपथेवर लेखी निवेदन द्यायला हवं. "थोडंच लागलंय, उद्या बघू" असं म्हणून घरी जाऊ नका. मानेचं दुखणं तिसऱ्या दिवशी वर येतं.

हप्ता वाढेल या भीतीने काही जण यूएमचा क्लेमच करत नाहीत. चूक आपली नसेल तर केवळ त्या अपघातापोटी कॅलिफोर्नियात हप्ता वाढवता येत नाही. आमचा त्या अपघातामुळे वाढला नाही.

आईने ती पाटली सांगलीला आमच्या नेहमीच्या सोनाराकडून सांधून घेतली. सांधा बोटाला लागतो, डोळ्यांना दिसत नाही. गेल्या उन्हाळ्यात ती पुन्हा आली होती. मनगट पूर्ण वळत नाही, पोळ्या लाटते पण कणीक मळायला मला हाक मारते. पाटली आता डाव्या हातात घालते. गाडीत बसली की पट्टा लावून दोन्ही हात मांडीवर ठेवते, पुढच्या सीटला हात लावत नाही.

मैत्रिणीने काल रात्री स्क्रीनशॉट पाठवला. चौथ्या ओळीत २५०/५००, खाली मेड-पे ५,०००. तिला सहा महिन्यांचे ७४ डॉलर जास्त पडले. तिचे आई-बाबा १२ मार्चला पहाटे उतरतायत, त्यांना आणायला ती आणि तिचा नवरा गाडी घेऊन जाणार आहेत.